बोलायच्या बाईंचं बंद मशीन

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या व्यवसायातले हलकेफुलके अनुभव लिहा. फार रडारड नको. लोक फराळ करता करता वाचतात." मी बरं म्हटलं. बायकांची झोप उडणं, बसल्या जागी रडू येणं आणि भर थंडीत घामानं ब्लाऊज भिजणं, हा माझा व्यवसाय. चकलीबरोबर अगदी झकास लागेल.

मी बारामतीच्या एका दवाखान्यात समुपदेशक होते. आता निवृत्त आहे. 'समुपदेशक' हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसत नाही, त्यामुळे मी सगळ्या दवाखान्याची 'बोलायची बाई' होते. फाटकावरचा वॉचमन पत्ताच तसा सांगायचा, "डोळ्याचे डॉक्टर वर, हाडाचे खाली, बोलायच्या बाई जिन्याखाली." माझी खोली खरोखरच जिन्याखाली होती. एका बाजूला प्लास्टर घालायची खोली, दुसऱ्या बाजूला मोडक्या खाटा. पलीकडे कुणाचं तरी हाड बसवताना "मेलो मेलो" चालू असायचं आणि अलीकडे मी बाईला सांगत असायचे, "डोळे मिटा, मन शांत करा."

माझे धाकटे दीर अजून म्हणतात, "वहिनींचं बरं होतं. गप्पा मारायच्या आन पगार घ्यायचा." ते स्वतः रोज चहाच्या टपरीवर दिवस दिवस फुकट गप्पा मारतात. त्यांना वाईट वाटणं साहजिक आहे.

आता धंदा काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पन्नाशीच्या आसपास बाईची पाळी जायला लागते. शरीरातले हार्मोन्स ठिकाणावर राहत नाहीत. एकदम तोंड तापतं, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड, मग उदास वाटणं, आणि संध्याकाळ झाली की धास्ती, आज तरी लागेल का? त्या धास्तीनंच मग लागत नाही. यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांनी तपासून द्यायची. माझं काम त्या धास्तीशी. अंथरूण फक्त झोपेसाठी, विचार करायला नाही. डोळे जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. झोप येत नसली तर तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडे बसायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळेला उठायचं. घामाची लाट आली की घाबरून उठून पळायचं नाही, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, ती ओसरते. आणि डोक्यात जे भलतंसलतं येतं ते तोंडानं बोलायचं, म्हणजे ते किती खरं आणि किती खोटं हे ऐकू येतं. झालं. एवढंच. यात जादूटोणा नाही, म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही.

बरं, रोगाचं नाव घ्यायची चोरी. नवरे येऊन सांगायचे, "हिचं ते जायला लागलंय."

"ते म्हणजे?"

"तेच वो."

एमआयडीसीतले एक सुपरवायझर होते. कारखान्यातल्या मशीनचा एकेक स्क्रू त्यांना इंग्रजी नावानं पाठ, पण बायकोच्या पाळीला ते 'सिस्टीम' म्हणायचे. मला विचारलं, "मॅडम, किती सिटिंगमध्ये फरक? गॅरंटी काय?" मी म्हटलं, "ते तुम्ही घरी किती वेळ गप्प बसाल त्यावर आहे." पुढच्या वेळी बायको एकटी आली. म्हणजे गुण आलाच म्हणायचा.

पण अशी एकटी येणारी विरळा. आमच्याकडे बाई दवाखान्यात एकटी जात नाही. एकटी गेली तर तिला काही झालेलंच नाही, असं धरतात. जीप भरून माणसं यायची. नवरा, सासू, एखादी नणंद, आणि सगळ्यांच्या मध्ये पिशवी मांडीवर घेऊन पेशंट. मी विचारायचे, "नाव काय तुमचं?" नवरा नाव सांगायचा. "झोप लागते का?" सासू म्हणायची, "न्हाय." "कसं वाटतं?" नणंद म्हणायची, "काय न्हाय वो, नुसती इचार करती." उपचाराचं नाव बोलणं, आणि ज्या बाईनं बोलायचं ती सोडून सगळे बोलायचे. घसा ज्याचा दुखतोय त्याला सोडून बाकीच्यांनी गुळण्या कराव्यात, तसला प्रकार.

बाहेर बसा म्हणावं, तर अपमान. "आमच्याम्होरं न सांगन्यासारखं काय हाय असं?" दार लोटलं की दाराला कान. आणि घरी गेल्यावर त्या बाईची उलटतपासणी व्हायची ती वेगळीच.

ही कोंडी फुटली ती भंगारामुळे. आमच्या विमलसिस्टरांनी बीपी बघायचं एक जुनं मशीन टाकून दिलं होतं. रबर चिरलेलं, तबकडीवरचा काटा एकाच जागी अडकलेला. कागद उडू नयेत म्हणून मी ते टेबलावर ठेवलं. एक दिवस एका आजीबाईंची नजर त्यावर गेली. सुनेविषयी त्यांचं भाषण ऐन रंगात होतं, त्या मध्येच थांबल्या. आवाज खाली आला. "मशीन लावनार हाय का? मग आमी भाईर थांबतो." आणि सगळं लटांबर मुकाट्यानं बाहेर गेलं!

त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाची किंमत कळली. बोलून माणूस बरं होतं, यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. पण दंडाला पट्टा आवळला की देवळातसुद्धा नसते अशी शांतता. मग मी नियमच केला. मशीन लागलं की खोलीत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, शक्यतो थांबायचंही नाही, आकडा चुकतो. पाऊण तास कसला आकडा असतो, हे मला एकाही माणसानं कधी विचारलं नाही. बायकांना मात्र दार लागल्याबरोबर सांगून टाकायचे, "बाई, हे बंद आहे. हवा भरत नाही, काही नाही. तुम्ही आता बोला." त्या काट्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. कित्येकींचं ते महिन्यातलं पहिलं हसू असायचं.

मंगल अशीच हसली होती. सणसरची, पन्नाशीला टेकलेली. एक मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी. नवरा हणमंतराव, ऊसवाले, कारखान्याचे सभासद, पांढरी जीप, पांढरे कपडे आणि प्रत्येक गोष्टीवर तयार मत. बरोबर त्यांची आई, गजराबाई. सत्तरीच्या पुढची, काटक, नाकात नथ नाही पण आवाजात होती. त्यांनी बसायच्या आधी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. मी पाण्याचा पेला पुढे केला.

"नको. तान न्हाय," गजराबाई म्हणाल्या.

आता दिवस बदललेत हो. माझ्या हातचं पाणी नको असं कुणी म्हणत नाही. आडनाव ऐकलं की काही जणांची तहान जाते, एवढंच. वैद्यकशास्त्रात याचाही अभ्यास व्हायला पाहिजे.

हणमंतरावांनी मुद्द्यालाच हात घातला. "बाई, आमचं ठरलंय. हिची पिशवी काढून टाकायची. कारखान्याचं गळीत सुरू व्हायच्या आत. एकदा टोळ्या आल्या, तोड चालू झाली, की दवाखान्यात बसायला कुनाला टाइम हाय? पर हितल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, आधी तुमाला दाखवा."

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मंगलला नीट तपासलं होतं. गर्भाशय चांगलं होतं, काढायचं काही कारण नव्हतं. पण दुसऱ्या गावात एक जण काढून द्यायला तयार होता. असा एक जण कायम तयार असतो. मी हणमंतरावांना समजावलं. पिशवी काढून झोप येत नाही, घामाच्या लाटा थांबत नाहीत. बरोबर बीजकोशही काढले, तर जे सावकाश होणार ते एका रात्रीत अंगावर कोसळतं. छप्पर गळतंय म्हणून चूल उपटून टाकण्यासारखं आहे ते.

"माजी पस्तिशीतच काढली," गजराबाई म्हणाल्या. "बघा. कशी ठनठनीत हाय."

झालं. एका बाजूला माझी पदवी आणि दुसऱ्या बाजूला समोर बसलेला ठणठणीत पुरावा. मी मशीन काढलं, मंगलच्या दंडाला पट्टा बांधला आणि दोघांना बाहेर घालवलं.

हसून झाल्यावर मंगल म्हणाली, "बाई, घरात सगळं हाय. कुनी मारत न्हाय, झोडत न्हाय. मग रडू कशाचं येतंय? भाकरी थापताना येतंय. परवा डेरीवर दूध घालताना आलं, लोकं बघाया लागली. रातीला वाटतं, आज झोपले न्हाय तर उद्याच्याला मरनार मी."

"आजवर किती वेळा मेलात?"

तिनं मान वर केली. "एकदाबी न्हाय."

"मग ते डोक्यातलं खोटं बोलतंय की खरं?"

"खोटं," ती म्हणाली, आणि पुन्हा रडली. पण मग जे म्हणाली ते महत्त्वाचं होतं. "मला त्या आपरेशनचं लई भ्या वाटतंय. नको म्हनायचंय मला. पर कसं म्हनू? समदे माज्या भल्याचंच सांगत्यात."

म्हणजे रोग झोपेचा आणि अडचण जिभेची. मी बाहेर जाऊन "तिला नकोय" असं सांगू शकले असते. हणमंतराव म्हणाले असते, "तिला काय कळतंय?" आणि मंगलच्या वाट्याला पुन्हा उलटतपासणी. नाही हे तिच्या तोंडून यायला हवं होतं, आणि तेही उसाला कोयता लागायच्या आत.

आम्ही कामाला लागलो. दर आठवड्याला ती यायची आणि मी सांगितलेले नियम सणसरला जाऊन काय होऊन परत यायचे, ते ऐकून मी थक्क व्हायचे. मी म्हटलं होतं, डोळे जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. घरात त्याचा अर्थ झाला, बाईंनीच सांगितलंय उशिरापर्यंत काम कर. सकाळी ठरल्या वेळेला उठायचं, हे ऐकून तर गजराबाईंना मी आवडायलाच लागले. दिवसा लोळायचं नाही, यावर त्या म्हणाल्या, "ही पयली डाक्टरीन बगितली जिला अक्कल हाय." साऱ्या हयातीत एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला दुसरं मिळालं नाही.

झोप येत नसली तर उठून दुसरीकडे बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, असं मी सांगितलं होतं. गजराबाईंनी तिच्यापुढे लसणाची पाटी ठेवली. पुढच्या आठवड्यात मंगलच्या बोटांना वास, खोलीला वास. घरात वर्षभर पुरेल एवढा लसूण सोलून झाला होता. मी गजराबाईंना आत बोलावलं. "काम नाही द्यायचं. नुसतं बसू द्यायचं."

"नुसतं बसायचं? बाईमानसानं?" त्यांना ते काही केल्या उमजेना. चंद्रावर ऊस लावा म्हटलं असतं तर एखादवेळी पटलं असतं.

आमच्या विद्येत पेशंटला झोपेची नोंद ठेवायला सांगतात. मंगलला ठेवावी लागली नाही. तिच्याकडे चालतीबोलती नोंद होती. मशीन लावायच्या आधी गजराबाई सगळा अहवाल द्यायच्या. "काल दोनदा उठली. एकदा मोरीवर जाऊन तोंड धुतलं. मग वट्यावर बसली. कुत्रं भुकलं तवा आत आली. मग पडली, पर कूस बदलत व्हती. कोंबडं आरवायच्या वाईच आधी डोळा लागला." मी खूश. इतकी चोख माहिती कुठला पेशंट देतो?

हळूहळू फरक पडायला लागला. घामाची लाट आली की मंगल आता उठून पळत नव्हती, पोटावर हात ठेवून श्वास मोजायची. झोपेचा तुकडा लांब व्हायला लागला. उदासीवर एक साधा उपाय असतो. मन लागायची वाट बघायची नाही, आधी एखादी आवडीची गोष्ट करायची, मन मागून येतं. मी विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न तिला लग्नानंतर कुणी विचारला नसावा. पार पुढच्या आठवड्यात उत्तर आलं.

"मला एस्टीत खिडकीला बसून इंदापूरला भनीकडं जायचंय. एकटीला. जीपमंदी मी कायम मधी असती, काय दिसत न्हाय."

घरात गहजब झाला. घरची जीप असताना एस्टी? लोक काय म्हणतील, डिझेल परवडत नाही? मी चिठ्ठीवर औषधासारखं लिहून दिलं, 'एस्टी, खिडकी, आठवड्यातून एकदा.' कागदावर आलं म्हणजे औषध. गेली. परत आली तेव्हा तोंडावर वाऱ्यानं उडालेले केस तसेच होते आणि ते तिनं नीट केले नव्हते.

ऑपरेशनचा विषय मात्र जागच्या जागी. मी दर वेळी विचारायचे, "सांगितलं का घरी?" ती मान हलवायची. "तोंडाशी येतंय आन ते बोलायला लागत्यात."

दसरा झाला. एका सकाळी तिघंही आली. हणमंतराव खुशीत होते. पेढे आणायचेच काय ते राहिले होते. "बाई, तारीख मिळाली. येत्या सोमवारी. तुमचं हे चांगलं व्हतं, टाइमपास झाला हिचा. आता काय गरज न्हाय."

मंगलच्या तोंडावरचा रंग गेला. मी तिच्याकडे बघितलं. इतक्या आठवड्यांची मेहनत, आणि ही बाई सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपणार, कारण तिला घरात एक वाक्य पुरं करायला कुणी देत नाही! मी तोंड उघडलं. पण मंगल माझ्या आधी उठली. तिनं टेबलावरचं मशीन ओढलं, पट्टा एका हातानं स्वतःच्या दंडाला गुंडाळला, टोक दातात धरून आवळलं आणि पुन्हा खुर्चीवर बसली.

"मशीन लागलंय," ती म्हणाली. "आता कुनी बोलायचं न्हाय."

हणमंतरावांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. इतके आठवडे लागलेली सवय कामाला आली.

"मला झोप याया लागलीया," मंगल म्हणाली. "समदी न्हाय, पर याया लागलीया. डॉक्टरीणबाई म्हणल्या माजी पिशवी चांगली हाय. चांगली वस्तू मी काढून देनार न्हाय. सोमवारी मी येनार न्हाय. सई करनार न्हाय. तुमी माज्या भल्याचं बगता, मला ठावं हाय. पर हे भलं मला नको."

प्लास्टरच्या खोलीतही नेमकं त्याच वेळी कुणी ओरडत नव्हतं. हणमंतराव माझ्याकडे बघायला लागले, मी काट्याकडे बघायला लागले. शेवटी ते हुकमी एक्क्याकडे वळले. "आई, तू सांग हिला. तुजी काढली तर काय झालं तुला?"

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता ठणठणीत पुरावा बोलणार आणि सगळ्यावर बोळा फिरणार.

गजराबाई पुढे सरकल्या. त्यांनी मंगलच्या दंडावरचा पट्टा सोडवला. मग स्वतःच्या चोळीची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मलाबी लाव."

मी खरं तेच बोलले. "आक्का, हे मशीन बंद आहे."

"ठावं हाय मला. पयल्याच दिशी बगितलं. काटा हालत न्हाय त्यो. तू लाव."

मी पट्टा बांधला. त्या सुरकुतलेल्या दंडाला तो दोन वेढे बसला. गजराबाई लेकाकडे वळल्या.

"माजी काढली तवा मला कुनी इचारलं न्हवतं. तवापासनं एक रात धड झोपले न्हाय मी."

"आई, काय बोलतीस? कधी म्हणाली न्हाईस ती..."

"ही रातीची कितींदा उठती, कवा मोरीवर जाती, कवा वट्यावर बसती, कोन सांगतं रं तुमाला? मीच ना? मग मी काय झोपंत बगत व्हते व्हय?"

हणमंतरावांकडे प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, यावर नव्हतं. आणि मी, झोपेची जाणकार! दर आठवड्याला तो अहवाल ऐकून खूश होणारी! माझ्या डोळ्यांसमोर ते घर आलं. एक सून ओट्यावर जागी, एक सासू आत अंथरुणात जागी, दोघी एकमेकींपासून लपून आपापली रात्र काढताहेत. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. संपादक काहीही म्हणोत.

"काय आपरेशन बिपरेशन न्हाय," गजराबाई म्हणाल्या. "सांगून टाक त्या डाक्टरला. आन तू रं हितं काय करतूस? भाईर जा. मशीन लागलंय."

हणमंतराव उठले. दारापर्यंत गेले, एकदा मागे वळून बघितलं आणि दार ओढून घेतलं. मंगलनं आपली खुर्ची सासूच्या खुर्चीला लावली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

गजराबाईंनी बंद काट्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या माझ्या पाण्याच्या पेल्याकडे. तो उचलला, एका दमात रिकामा केला आणि पदरानं ओठ टिपले.

"हां," त्या म्हणाल्या. "आता इचार."